'ओल्या' कुणाचं विशेषण?

नवकवितेवरचे निबंध तपासताना पहिला परिच्छेद मी वाचत नाही, ओलांडतो. तो मला पाठ आहे: दुसरं महायुद्ध, यंत्रयुग, मूल्यांचा ऱ्हास, आणि 'अशा पार्श्वभूमीवर मर्ढेकरांची कविता जन्माला आली'. यात मुलांचा दोष नाही. हे वाक्य माझ्याच नोट्समधलं आहे, आणि मी ते माझ्या सरांकडून उतरवून घेतलं होतं.

सोलापुरात इतकी वर्षं मराठी शिकवतोय, पण त्या संध्याकाळसारखा हात कधी अडला नव्हता. बी.ए.च्या एका मुलीने मर्ढेकरांवरचा निबंध असा सुरू केला होता: "'पिपात मेले ओल्या उंदिर' या ओळीत उंदीर ओले नाहीत. पीप ओलं आहे."

सवयीने मी समासात लाल पेनाने 'पार्श्वभूमी?' असं लिहिलं आणि पुढे गेलो. दोन पानं उलटली आणि मागे आलो.

तिचं म्हणणं बरोबर होतं. उंदीर ओले असते तर कवीने 'ओले' लिहिलं असतं, मात्रा तेवढ्याच भरल्या असत्या. 'ओल्या' हे सामान्यरूप, म्हणजे नामाला प्रत्यय लागला की विशेषणाचं होणारं रूप, ते 'पिपात'ला लागतं; मध्ये 'मेले' येऊन पडलंय. 'पिपात ओल्या मेले उंदिर' अशी सरळ ओळही सोळा मात्रांतच बसते. म्हणजे वृत्ताची कसलीच सक्ती नव्हती, शब्द मुद्दाम जागचा हलवलाय. वर्गात मी मात्र दरवर्षी 'ओले उंदीर' म्हणूनच समजावून देत आलो.

पुढे तिने लिहिलं होतं: "शब्दांना आपली जागा उरली नाही हे कवी सांगत नाही, करून दाखवतो. पुढच्या ओळीत माना पडतात, त्याही मुरगळल्याविण. मरण आहे, मारणारा सापडत नाही." झाली प्रस्तावना. एक निरीक्षण, त्यातून निघालेलं एक विधान, आणि पुढची चार पानं कुठे जाणार त्याची दिशा. आमच्या आदर्श उत्तरपत्रिकेत पार्श्वभूमीला गुण आहेत, निरीक्षणाला रकानाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. पूर्व भागातली मुलगी, वडील यंत्रमागावर. "हे तुला कसं दिसलं?" असं विचारलं.

"सर, आमच्या घरी तेलुगू बोलतेत. तेलुगूत विशेषण बदलत नाही ओ. मराठीत ओला, ओली, ओले, ओल्या, शाळेत मला लई जड गेलं ते. अजून पण 'ओल्या' आलं की मी पुढचा शब्द बघते, कुणाला लागलंय म्हणून. इथं पुढच्याला लागंना."

माझी मायबोली मराठी. माझ्या कानावरून ती ओळ सुळकन निघून जायची. तिला प्रत्येक प्रत्यय कमवावा लागला होता, म्हणून ती तिथे अडखळली. चांगली प्रस्तावना अशा अडखळण्यातूनच सुरू होते, असं मी आता ठामपणे म्हणेन.

मग आम्ही तासभर त्या अर्ध्या पानावर बसलो. १९४७चा 'काही कविता' हा संग्रह, त्यावर झालेला अश्लीलतेचा खटला, महायुद्ध, हे सगळं दुसऱ्या परिच्छेदात नेलं. शब्द जागचे का हलले, असं वाचणाऱ्याच्या मनात आल्यावरच त्या सालांना काम मिळतं. इंग्रजी कवी टी. एस. एलियटची १९२२ची 'द वेस्ट लँड' ही दीर्घकविता तिने नोट्समधून आणली होती. पुढे तुलना नव्हती, म्हणून ती काढली. 'पार्श्वभूमी?' हा शब्द मी तिच्यासमोरच खोडला.

वही बंद करताना तिने विचारलं, "सर, विद्यापीठाच्या पेपरात पण अशीच सुरुवात करू का?"

पेपर कुणाच्या गठ्ठ्यात जाईल माहीत नाही. तोही माझ्यासारखाच पहिला परिच्छेद ओलांडणारा असेल, ओळखीचं वाक्य दिसलं नाही तर गुण कापेल. तिला पुढे एम.ए.ला जायचंय, एकेक गुण मोलाचा.

"पेपरात आधी पार्श्वभूमी लिही," मी म्हणालो.

"बरं सर," म्हणाली, आणि खोडलेल्या शब्दाच्या खाली तोच शब्द तिने पेन्सिलीने पुन्हा लिहून घेतला.