एनटी स्कॅन गणपतीच्या आधी

आमच्या देवगडकडे पहिले तीन महिने सरल्याशिवाय कुणाला गोड बातमी सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, शेजारीपाजारी नाही कळलं तर बिघडत नाही. पण याच समजुतीपायी डॉक्टरकडे जाणंही तीन महिन्यांवर ढकललं जातं, आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत ज्या तपासण्या व्हायच्या त्या राहून जातात. त्यात महिने मोजतो आपण पाळी चुकल्यापासून. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. घरी 'आत्ता कुठे दोन महिने झाले' म्हणत असतात, तेव्हा डॉक्टरांच्या हिशोबात अकरावा-बारावा आठवडा चालू असतो.

मला दिवस गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तीन म्हयने होवंदेत, मगे बघूया." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आशाताईंना एकटीनेच गाठलं आणि उपकेंद्रात नाव नोंदवून आले. बारा आठवड्यांच्या आत नोंद झाली पाहिजे, असं आशाताईच सांगतात. तिथे माता बाल संरक्षण कार्ड मिळालं, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, एचआयव्ही, साखर हे सगळं झालं, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. एक पैसा लागला नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, त्या दिवशी जाऊन मी पहिली सोनोग्राफी लिहून घेतली.

ही पहिली सोनोग्राफी बऱ्याच जणी टाळतात. 'एवढ्याशा गोळ्यात काय दिसणार?' पण माझी पाळी मुळातच अनियमित. पाळीच्या तारखेवरून जे आठवडे निघत होते, त्यापेक्षा बाळ दहा दिवसांनी लहान निघालं. म्हणजे पुढच्या सगळ्या तारखा दहा दिवसांनी पुढे. जिची पाळी लवकर-उशिरा होते तिने तर ही सोनोग्राफी सोडूच नये, कारण पुढचं सगळं गणित या एका मापावर उभं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर. एनटीमध्ये बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजतात. ती ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच मोजता येते, आणि बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, ज्याला ते सीआरएल म्हणतात, ती ४५ ते ८४ मिलिमीटरच्या मध्ये असावी लागते. त्यापुढे त्या मापाला अर्थ राहत नाही. डबल मार्कर ही रक्ताची तपासणी, ती त्याच सुमारास. दोन्ही आणि आईचं वय एकत्र धरून डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांची शक्यता काढतात.

माझे हे आठवडे आले ऐन गणपतीत! कोकणात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चाकरमानी उतरलेले, हायवे तुंबलेला, एसटीत पाय ठेवायला जागा नाही, निम्मी दुकानं आणि दवाखाने आपापल्या गावी. ज्या सेंटरला आधी फोन केला, तिथल्या मुलीने सरळ सांगितलं, "अनंत चतुर्दशीनंतर या, डॉक्टर तेव्हाच आहेत." कॅलेंडर समोरच होतं. तोपर्यंत माझे चौदा आठवडे उलटून जात होते. मी तसं सांगितलं, तर म्हणाली, "चार दिवसांनी काय फरक पडतो?" पडतो ना! पण तिच्याशी वाद घालून तारीख मिळणार नव्हती. कणकवलीला दुसरीकडे फोन लावला आणि 'सोनोग्राफी पाहिजे' असं न म्हणता 'एनटी आहे, अमुक तारखेला चौदा आठवडे पूर्ण होतात' असं म्हटलं. लगेच चतुर्थीच्या आधीची तारीख मिळाली. फोनवर आठवडे सांगा, नुसतं 'तिसरा महिना' म्हणू नका.

पाऊस मी म्हणत होता. आमच्या गावाहून कणकवली म्हणजे चांगला दीड तास. सेंटरच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी, खाली एफ फॉर्म भरायचा, सही करायची, आधार कार्डाची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. १९९४ च्या कायद्याने हे सगळीकडे सारखंच आहे, त्यामुळे चिठ्ठी घरी विसरून गेलात तर परत यावं लागतं.

टेबलावर झोपले, तर बाळ पालथं. एनटी मोजायला ते बाजूने, मान सरळ असलेलं दिसावं लागतं. डॉक्टर म्हणाल्या, "जा, जरा फिरून या, काहीतरी गोड खा." बाहेरच्या टपरीवर पेढा खाल्ला, पडवीत येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या वेळी बाळ वळलं होतं. सीआरएल ५७ मिलिमीटर, नाकाचं हाड दिसलं, एनटी ठीक. बारा आठवडे दोन दिवस.

रक्त तिथेच दिलं. इथे एक गोष्ट अगदी बारकाईने बघा. डबल मार्करच्या फॉर्मवर वजन, जन्मतारीख, मधुमेह आहे का, जुळं आहे का, हे सगळं विचारतात, आणि शक्यतेचा आकडा त्यावरूनच ठरतो. माझ्या फॉर्मवर रक्त घेणाऱ्या मुलाने कार्डावरचं जुनं वजन उतरवायला घेतलं होतं. मी त्याला थांबवून काट्यावर उभी राहिले आणि त्या दिवशीचं वजन लिहायला लावलं. एनटीचा रिपोर्टही फॉर्मला जोडला जातोय ना, तेही बघून घेतलं.

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा घरात माणसांचा राबता होता, मी मोदकांच्या पाऱ्या करत होते. १:४१०. लॅबची धोक्याची रेषा १:२५०, म्हणजे मी तिच्या अलीकडे, पण अगदी निर्धास्त म्हणण्यासारखंही नाही. मधली पायरी. सासूबाईंना वाटलं, रिपोर्टमध्ये काहीतरी वाईट आलंय. नवऱ्याने त्यांना आमच्या आंब्याच्या धंद्यातलं सांगितलं: हापूस वरून कितीही छान दिसला तरी आत साका, म्हणजे खराब झालेला गर, आहे का ते कापल्याशिवाय कळत नाही, ही तपासणी वरून बघण्यातली आहे. "म्हणजे चारशे धा पेटयेतलो एक?" त्यांनी विचारलं. जवळजवळ बरोबर. माझ्यासारखा आकडा असलेल्या ४१० बायकांत एकीचं बाळ तसं असण्याची शक्यता.

खात्री पाहिजे तर पोटातून सुईने पाणी काढून तपासणं, ॲम्निओसेंटेसिस, ते सोळाव्या आठवड्याच्या सुमारास करतात आणि त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. मधला मार्ग एनआयपीटी. आईच्याच रक्तात बाळाचे डीएनएचे तुकडे फिरत असतात, ते तपासतात. ही सुद्धा चाळणीच, पण खूप बारीक. किंमत पाच आकडी, आणि सरकारी दवाखान्यात आम्हाला ती मिळाली नाही. घरात दोन रात्री चर्चा झाली. आंब्याचे पैसे उन्हाळ्यातच संपलेले. शेवटी केली. रिपोर्ट कमी धोक्याचा आला. बाळाचं लिंग त्यात कळवत नाहीत, हे एका मावशींना पटवताना मात्र नाकी नऊ आले.

हे सगळं वेळेत का, तर पाचव्या महिन्यातल्या ॲनॉमली स्कॅनसाठी हाताशी दिवस राहावेत म्हणून. तो १८ ते २० आठवड्यांत केलेला बरा. हृदयाचे कप्पे, मणका, ओठ, मूत्रपिंडं असं एकेक अवयव बघतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मर्यादा ठराविक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत आहे, गंभीर व्यंग असेल तर त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. कुणाला त्या वाटेने जायची वेळ येऊ नये, पण बावीस-तेविसाव्या आठवड्यात स्कॅन करून काही निघालं, तर कोल्हापूर-मुंबई गाठायची, दुसरं मत घ्यायचं, घरच्यांनी मिळून ठरवायचं, हे सगळं कधी करणार? माझा स्कॅन दिवाळीच्या आधी एकोणिसाव्या आठवड्यात झाला. तारीख मी गणपतीतच घेऊन ठेवली होती. सगळं व्यवस्थित होतं.

साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, दोन तासांनी रक्त, आणि आकडा १४० च्या आत हवा. ती उपकेंद्रातच झाली. ते गोड पाणी पोटात ठेवणं हेच काय ते अवघड, सोबत लिंबू न्या.

आता वाढीची सोनोग्राफी राहिली आहे. ती येते कुणकेश्वरच्या जत्रेच्या आसपास, तेव्हा आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. म्हणून जत्रेच्या आदल्या आठवड्यातली तारीख आत्ताच मागून घेतली.