पहिल्या सिझरची फाईल आधी हातात घ्या

एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच, हे मला इतक्या जणींनी सांगितलं होतं ना, की दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मीसुद्धा तेच धरून बसले होते. नंतर कळलं की हे वाक्य १९१६ सालचं, क्रेगिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरचं आहे, आणि त्या काळात गर्भाशयावर उभा छेद घ्यायचे. आता बहुतेक वेळा खालच्या बाजूला आडवा घेतात, तो कळांच्या वेळी उसवण्याची भीती खूप कमी असते.

पण पोटावरचा व्रण आडवा म्हणजे आतलाही आडवाच असं नसतं हं! माझ्या डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'सिझर' एवढंच होतं, म्हणून ऑपरेशनची पूर्ण नोंद मागितली. दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला तेव्हा कुठे ते एक पान मिळालं. त्यात पेनाने लिहिलेलं, खालचा आडवा छेद, कारण बाळ पायाळू. ती ओळ मी तिथेच उभ्या उभ्या तीनदा वाचली. कारण आता या वेळी बाळाचं डोकं खाली आहे, म्हणजे तेव्हाची अडचणच उरली नाही, आणि मधे तीन वर्षांचं अंतरही आहे.

या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचाय म्हटल्यावर पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, "कशाला रिस्क घेताय?" मी विचारलं, किती रिस्क? उत्तर नाही. दुसऱ्या मॅडमनी ते पान नीट वाचलं आणि सरळ सांगितलं की साधारण २०० जणींत एकीचा आतला टाका उसवतो, आणि तसं झालं तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. आणि प्रयत्न करणाऱ्या १०० जणींपैकी ६० ते ८० जणींची नॉर्मल होते. सिझरचीही रिस्क असतेच की, दर सिझरबरोबर पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) गर्भाशयाला चिकटून बसायची शक्यता वाढत जाते, हे मला आधी कुणी बोललंच नव्हतं.

मग मी वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारले, रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तयार असेल का, रक्ताची सोय आहे का, तारीख उलटली तर किती थांबाल, कळा आणायला काय द्याल (मिसोप्रोस्टॉल आधीच्या सिझरवाल्यांना अशा वेळी देत नाहीत, हे लक्षात ठेवाच). बाळाचे ठोके सतत मशीनवर बघणार म्हणाल्या, कारण टाका उसवायला लागला तर बहुतेकदा आधी ठोकेच बिघडतात. मीही सांगून ठेवलंय, तसं काही दिसलं तर लगेच सिझर करा, मी सही करायला एक मिनिट लावणार नाही.

घरचे अजून घाबरलेलेच आहेत, सासूबाई रोज विचारतात, "टाके दुखत नाहीत ना गं?" परवा त्यांनाही तपासणीला घेऊन गेले, मॅडमनी कागदावर गर्भाशय काढून छेद कुठे आहे ते दाखवलं. तो कागद आता त्यांच्याच पर्समध्ये असतो.

छत्तिसावा आठवडा चालू आहे. बॅग भरलीये, सगळ्यात वर ते पान आहे.