माळावरची अळंबी आणि आमची रात्रपाळी

पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी म्हणजे फुरसं, विंचू, ताप नाहीतर बाळंतपण, ह्याची सवय होऊन जाते. त्यामुळे मालवणजवळच्या एका गावातून पंचविशीतला मुलगा रिक्षातून आणला, घामाघूम, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी ११० च्या आसपास, तेव्हा मी पहिल्यांदा विंचूच शोधला. कोकणात ते शोधावंच लागतं. लाल विंचवाने लोक पटापट जायचे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून दाखवली तेव्हापासून चित्र बदललं, पण गोळी वेळेत पोटात जायला हवी. ह्याच्या अंगावर कुठे दंश नव्हता, दुखत काही नव्हतं, हातपाय गरम होते. म्हणजे विंचू नाही.

सोबत मावशी होती, ती रडतच म्हणाली, "डॉक्टरानू, ह्येका देवचारान धरल्यान. सांजचो माळार गेल्लो." देवचार म्हणजे गावची राखण करणारा अदृश्य आत्मा, अशी इथली समजूत. मागे चुलतभाऊ आणि शेजारचे तिघे, त्यांचं म्हणणं की आधी हातपाय बांधा मग काय ते बघा, कारण रिक्षात तो एकदा उठून बाहेर पडायला बघत होता.

मुलगा मध्येच हसत होता, मध्येच रडत होता. मी जवळ बसून नाव विचारलं तर बरोबर सांगितलं, कुठे आहेस तर दवाखान्यात, वार पण बरोबर. मग म्हणाला, "डॉक्टर, ती भिंत श्वास घेतेय. मला माहितीय ती घेत नाहीये, पण मला दिसतंय." ह्या वाक्याने माझं निम्मं काम केलं.

कारण डोक्यात दुसरी शंका धोतऱ्याची होती. आमच्याकडे धोतरा रस्त्याकडेला उगवतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी बिया खाऊन येतो. त्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं, ते शरीरातल्या ॲसिटिलकोलीनचं, म्हणजे नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं, त्यामुळे तोंड कोरडं ठणठणीत, कातडी लाल आणि तापलेली, लघवी तुंबलेली, पोटाला स्टेथो लावला तर आतड्यांचा आवाज नाही. आणि मुख्य म्हणजे त्या पेशंटला समोर नसलेला माणूस खराखुरा दिसतो, तो त्याच्याशी गप्पा मारतो, हवेतून दोरे वेचतो, हे खोटं आहे असं त्याला वाटतच नाही, आणि हा प्रकार दिवस दोन दिवस चालू शकतो. ह्या मुलाची जीभ ओली होती, पोट गुडगुडत होतं, अंग घामाने भिजलेलं आणि भास हा भास आहे हे तो स्वतः सांगत होता. बाहुल्या धोतऱ्यातही मोठ्या होतात, म्हणून नुसत्या डोळ्यांवर जाऊन चालत नाही.

मग काय खाल्लंस, कधी खाल्लंस, आणि त्रास कधी सुरू झाला, हे तीन प्रश्न विचारले. माळावर गुरांच्या शेणात उगवलेली अळंबी, सहाच्या सुमाराला, अर्ध्या-पाऊण तासात रंग बदलायला लागले. चुलतभावाने पिशवी आणली होती त्यात उरलेली होती, दांडा जिथे दाबला गेला तिथे निळसर पडलेला. मावशी तर बघूनच ओरडली, "शेणातली अळमी आमी कधी खाणव नाय!" आणि खरंच, गावातल्या बायका वारुळावरचीच अळंबी काढतात, जागा पिढ्यानपिढ्या ठरलेल्या, वाळवी स्वतः ती बुरशी वारुळात पोसते म्हणून ती तिथेच येते. हा मुंबईत वाढलेला, त्याने मोबाईलवर वाचलेलं.

चित्र सायलोसायबिनचं होतं, म्हणजे काही अळंबीत असणाऱ्या, भास घडवणाऱ्या रसायनाचं; दाबल्यावर दांडा निळा पडणं ही अशा अळंबीची एक खूण. अल्बर्ट हॉफमन, ज्याने एलएसडी शोधलं तोच, त्याने १९५८ मध्ये मेक्सिकोतल्या अळंबीतून हे वेगळं काढलं, तिथे माझातेक लोक ते पूजाविधीत आधीपासून वापरत होते. पोटात गेल्यावर शरीर त्यातला फॉस्फेट काढून टाकतं आणि सायलोसिन बनतं, खरं काम ते करतं. त्याची रचना मेंदूतल्या सेरोटोनिन ह्या निरोप्या रसायनाच्या जवळची, त्यामुळे ते मेंदूच्या बाहेरच्या थरात सेरोटोनिनच्याच एका जागेवर, फाइव्ह-एचटी-टू-ए रिसेप्टरवर, जाऊन बसतं, आणि मग समोरचं जग नाहीसं होत नाही, तेच वाढून, हलून, अर्थ चिकटून समोर येतं. अंमल चार ते सहा तास, नंतर आपोआप उतरतो. उतारा असं औषध नाही आणि नशा तपासायच्या लघवीच्या नेहमीच्या स्ट्रिपवर हे दिसतही नाही, तेव्हा सगळी भिस्त विचारण्यावर आणि बघण्यावर.

सगळं वाढून येतं म्हणूनच बांधायला मी साफ नकार दिला. भीती घातली की तीच भीती दसपट होऊन त्याच्यासमोर उभी राहणार. वॉर्डात ट्यूबलाइट फडफडत होती, बाहेर पाऊस, पलीकडे एक आजोबा खोकत होते, त्याला प्रत्येक आवाजाने दचकायला होत होतं. ड्रेसिंगच्या खोलीत खाट टाकली, दिवा बारीक केला, एकच माणूस जवळ, बाकी सगळे बाहेर. लिथियमची, म्हणजे मनाच्या चढउतारांच्या आजारावरची, गोळी चालू आहे का हे मुद्दाम विचारलं, कारण त्याच्यासोबत झटके आल्याच्या नोंदी आहेत. नव्हती. लोराझेपाम ह्या शांत करणाऱ्या औषधाचा एक डोस दिला. आमच्या सिस्टर अर्धा तास त्याला एकच गोष्ट सांगत होत्या, तू औषधाच्या अंमलाखाली आहेस, हे उतरणार आहे, आम्ही इथेच आहोत. मग मावशी बसली, ती लहानपणी त्याला विहिरीवर न्यायची ते सांगत राहिली, मावशीचा आवाज ऐकून नाडी खाली आली हे मी मॉनिटरवर बघितलं. मावशीला विचारायचं होतं की गाऱ्हाणा घालूक होया काय, म्हणजे देवाला साकडं घालायचं का. मी म्हटलं घरच्यांना घालू दे, तुम्ही मात्र इथून हलू नका.

बाराच्या पुढे तो जमिनीवर आला, पाणी मागितलं, सगळ्यांची माफी मागायला लागला. घरचे निघायच्या तयारीत. मी सोडलं नाही, आणि ह्यावरून बाचाबाची झाली. लवकर सुरू होणारा त्रास हा अळंबीच्या बाबतीत बरा, जीव घेणारी जात उशिरा बोलते. ॲमाटॉक्सिन हे यकृत मारणारं विष असलेल्या अळंबीत सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग माणूस बरा वाटतो, आणि त्या बरं वाटण्याच्या काळातच यकृत खलास होत असतं, पेशींना प्रथिनं बनवण्यासाठी लागणारा आरएनएच बनत नाही. ह्याने एकाच जातीची अळंबी खाल्ली हे कोण सांगणार? निळं पडणं म्हणजे काही सर्टिफिकेट नाही, आणि पिशवीत दोन वेगळे आकार मला दिसत होते. लिव्हरच्या टेस्ट रोज केल्या, दोन दिवस नॉर्मल आल्या तेव्हाच सोडला. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद, पण केली, सायलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस ह्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, पोलिसांना कळवायचं ते कळवलं, पण पेशंटला गुन्हेगारासारखं वागवायचं नाही हे स्टाफला स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो मोकळेपणाने बोलला. नोकरी गेलेली, वर्षभर झोप नाही, कुठेतरी वाचलं की ह्याने डिप्रेशन जातं. मी त्याला खोटं पाडलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. २०२२ मध्ये २३३ पेशंटचा अभ्यास छापून आला, इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनमध्ये २५ मिलिग्रॅमच्या एका डोसने तीन आठवड्यांनी फरक दिसला, ऑस्ट्रेलियात २०२३ पासून ठरावीक सायकियाट्रिस्टना ते देता येतं. पण तिथे मोजलेला शुद्ध डोस असतो, घरात कोणाला सायकोसिस, म्हणजे खरंखोटं न कळण्याचा मानसिक आजार, होता का हे आधी तपासतात, अंमल असेपर्यंत शिकलेला माणूस शेजारी बसतो. आपल्याकडे औषध म्हणून त्याला मंजुरी नाही. त्याने विचारलं, मग मी काय करू? ओरोसला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला चिठ्ठी दिली, मावशी स्वतः त्याला एसटीने घेऊन गेली. गोळी सुरू झाली, आता रात्रीचा झोपतो, असं तिनेच नंतर फोन करून सांगितलं.