त्याला पुरले

जैतुनाच्या डोंगरावरून जेरुसलेमकडे उतरताना डाव्या हाताला कबरीच कबरी दिसतात. यहुदी लोकांचं हे फार जुनं दफनस्थान. फुलं कुठेच नाहीत. येणारा माणूस कबरीवर एक खडा ठेवतो, क्षणभर उभा राहतो आणि जातो. मीही थांबले. खाली किद्रोनचा ओहोळ, पलीकडे शहराचा तट, आणि त्या तटाच्या आत कुठेतरी ती एक कबर, जिच्यासाठी मी नगरहून इथवर आले होते.

मार्च 2023. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, शुक्रवार. आमचा सोळा जणांचा गट सकाळी बेथफगेपासून निघाला. झावळ्यांच्या रविवारी येशू जिथून गाढवावर बसून निघाला, ती ही जागा. तिथून त्याच्या कबरीपर्यंत अंतर तीनेक किलोमीटर, म्हणजे आळंदी-पंढरपूरच्या मानाने काहीच नाही. निवृत्तिनाथांची पालखी नगरात आली की बाबा वारकऱ्यांना पाणी द्यायला रस्त्यावर उभे राहायचे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "आपली वारी कुठली हो बाबा?" ते म्हणाले, "गुलगुथ्याची. पण आपण ती मनानं करायची." गुलगुथा म्हणजे येशूला वधस्तंभावर दिलं ती जागा. बाबा शाळामास्तर. विमानाचा खर्च त्यांच्या स्वप्नातही नव्हता.

बाबा एप्रिल 2021 मध्ये कोविडने गेले. पांढऱ्या पोशाखातल्या चार अनोळखी माणसांनी त्यांना पुरलं. आई, मी आणि भाऊ कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभे होतो. पाळकसाहेबांनी तिथूनच प्रार्थना केली. पेटी आत गेलेली दिसली, पुढचं दिसलं नाही. मूठमाती द्यायला मिळाली नाही. लोक सांत्वनाला आले की पुनरुत्थानाचं बोलायचे. माझा त्यावर विश्वास होता, आजही आहे. पण माझं मन तिथवर पोहोचतच नव्हतं, ते त्या फाटकापाशी अडकून पडलं होतं.

गेथशेमाने बागेतली जैतुनाची जुनी झाडं पाहिली, ओहोळ ओलांडला आणि दुपारी सिंहद्वारातून आत शिरलो. येशूला मारायला नेलं त्या क्रूसाच्या वाटेची मिरवणूक फ्रान्सिस्कन हे कॅथलिक साधू दर शुक्रवारी काढतात. तपकिरी झगे, कमरेला पांढरा दोर. येशूला मरणाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात, त्याच्या न्यायासनाची मानलेली जागा आता एका शाळेच्या आवारात येते; त्या दिवशी तीन वाजता तिथून सुरुवात झाली. एकूण चौदा थांबे. नऊ रस्त्यात, शेवटचे पाच पवित्र कबरीच्या चर्चमध्ये. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ही रीत नाही. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात उपदेश होतात, बारा ते तीन. त्यामुळे लॅटिन आणि इटालियन प्रार्थनांमध्ये मी नुसती चालत होते.

गल्ली अरुंद, पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. दोन्हीकडे मसाल्यांचे ढीग, मिठाईची ताटं, वेलदोडे घातलेल्या कॉफीचा वास. एक पोरगा हातगाडी ढकलत मिरवणुकीतूनच वाट काढून गेला. कुणाला वाटेल इथे भक्तिभाव कसला. मला तर हे खरं वाटलं. त्या दिवशीही बाजार असाच चालू असणार. सणासाठी गाव माणसांनी भरलेलं, आणि त्यातून एका माणसाला मारायला नेत होते. पाचव्या थांब्याशी कुरेनेकर शिमोनाची आठवण करतात. शेतावरून येणारा हा वाटसरू, त्याला शिपायांनी वेठीला धरलं आणि वधस्तंभ वाहायला लावला. शिष्य पळून गेले होते. खांदा दिला तो परक्याने.

चर्चमध्ये शिरलं की उजवीकडे गुलगुथ्यावर जाणारा उभा जिना आहे. वर वेदीखाली एक छिद्र आहे, हात आत घातला की खडक लागतो. मी गुडघे टेकून हात घातला. थंड होता. आमच्या मंडळीत येशूच्या मरणाचा अर्थ आम्हाला कर्जाच्या भाषेत शिकवला गेला: पाप आमचं, फेड त्याची. बरब्बा हा कैदी सुटला आणि त्याच्या जागी येशू गेला, तसेच आपण सगळे बरब्बा. मी हे मनापासून मानते. पण त्याच खडकाच्या खाली, तळमजल्यावर, आदामाची म्हणून एक खोली आहे. काचेमागे खडकाची भेग दिसते. परंपरा सांगते की पहिला माणूस इथे पुरला होता आणि वधस्तंभावरचं रक्त त्या भेगेतून त्याच्यापर्यंत झिरपलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या येशूचं मरण हिशेब म्हणून कमी आणि मोहीम म्हणून जास्त पाहतात. त्यांच्या चित्रांत येशू मृतलोकाचे दरवाजे मोडून उतरतो आणि आदाम-हव्वेला मनगटाला धरून वर ओढतो. आदामाचा हात त्याला धरत नाही. तोच आदामाला धरतो. हे चित्र मी आधी पुस्तकात पाहिलं होतं. त्या भेगेसमोर उभी राहिले तेव्हा ते पहिल्यांदा कळलं.

जिना उतरून आलं की दाराशीच एक लांबट, तांबूस शिळा आहे. मृतदेहाला सुगंधी द्रव्यं लावल्याची ही आठवण. बायका तिच्यावर ओढण्या घासत होत्या. मी बाजूला बसले आणि शुभवर्तमानातला तो प्रसंग, कितीतरी वेळा वाचलेला, पहिल्यांदा सावकाश आठवला.

येशू इतक्या लवकर मेला याचं पिलाताला आश्चर्य वाटलं. त्याने शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतली. त्याआधी एका शिपायाने कुशीत भाला खुपसला होता. सूर्य मावळला की शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागणार. नियमशास्त्राप्रमाणे टांगलेला देह रात्रभर ठेवायचा नाही. म्हणून अरिमथाईकर योसेफ धीर करून पिलाताकडे गेला आणि देह मागून घेतला. तो न्यायसभेचा सभासद, भीतीपोटी गुप्तपणे शिष्य. निकदेम एकदा रात्रीच्या अंधारात येशूला भेटून गेलेला. तो गंधरस आणि अगरू घेऊन आला, आजच्या मापाने तीस किलोंच्या वर. देह तागाच्या वस्त्रात गुंडाळला, योसेफाच्या स्वतःच्या नव्या कबरेत ठेवला, दाराला धोंड लोटली. वधस्तंभावर मेलेल्याला कोण पुरणार, अशी शंका काही जण घेतात. पण 1968 साली जेरुसलेमजवळच एका कबरेत अस्थिपेटी सापडली, त्यात टाचेच्या हाडात खिळा तसाच रुतलेला होता. तोही कुणाचा तरी मुलगा, आणि त्याला कुणीतरी वधस्तंभावरून नेऊन पुरलं होतं.

शिष्यांपैकी पेत्र नव्हता. याकोब नव्हता. पुरलं ते जवळजवळ अनोळखी दोन माणसांनी, घाईत, संध्याकाळ व्हायच्या आत. आणि गालीलाहून आलेल्या बाया, वधस्तंभाकडे ज्या दुरून बघत होत्या त्याच, आता बघत होत्या त्याला कुठे ठेवतात ते.

हे वाक्य आठवलं आणि मी तिथेच रडले. दुरून बघत होत्या. फाटकाबाहेर आम्हीही तेच केलं होतं. त्या चार माणसांचे चेहरे मला कधी दिसले नाहीत, पण योसेफाचा चेहरा तरी कुणी पाहिलाय? जिवाची भीती असताना त्यांनी माझ्या बाबांना हात लावला होता, आणि दोन वर्षं मी त्यांच्यावर मनातल्या मनात रागावले होते.

प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे आमच्या विश्वासाच्या कबुलीत, आम्ही दर रविवारी म्हणतो: मरण पावला, त्याला पुरले. मी हे शब्द कायम घाईने ओलांडत आले, पुढच्या "तिसऱ्या दिवशी"कडे. प्रेषित पौलानेही करिंथकरांना लिहिताना मरण आणि उठणं यांच्या मधोमध पुरणं वेगळं सांगितलं. सुरुवातीच्या काळात काही जण म्हणत, येशू मेल्यासारखा दिसला फक्त. मंडळीने उत्तर दिलं, नाही, त्याला पुरलं. देवाचा पुत्र देह म्हणून दुसऱ्यांच्या हाती गेला, त्याला उचलावं लागलं, गुंडाळावं लागलं. शनिवारभर तो तिथे पडून होता, आणि त्या दिवसाबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. माणसाला जिथे जावं लागतं त्यातली एकही जागा त्याने टाळली नाही. माझे बाबा जिथे आहेत तिथे तो आधी राहून आला आहे.

कबरेच्या रांगेत तासभर लागला. दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. तीन-चार माणसांपुरती जागा, उजवीकडे संगमरवरी लादी. 2016 च्या दुरुस्तीत ती सरकवली तेव्हा खाली चुनखडीचा मूळ कट्टा सापडला. मी लादीवर तळहात ठेवला. बाबांचं नाव घेतलं. तेवढ्यात बाहेरच्या साधूने घाई करायला सांगितलं.

मागच्या बाजूला सिरियन मंडळीची काळवंडलेली खोली आहे, तिथे फारसं कुणी जात नाही. भिंतीच्या पायथ्याशी भोक. त्यात वाकून गेलं की पहिल्या शतकातल्या कबरी: संगमरवर नाही, दिवे नाहीत, खडकात खोदलेले नुसते कोनाडे. मोबाईलचा उजेड पाडला. एक कोनाडा बाबांच्या उंचीचा वाटला.

बाहेर येऊन आईला फोन लावला.

"पाहिलीस का गं जागा?"

"पाहिली."

"माती आहे का?"

"नाही गं आई, खडक आहे. हाताला थोडी धूळ लागलीये."

आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हात धुवायची घाई करू नकोस."