येळवशीची रात्र कडब्याच्या कोपीत

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात पूजा करून तिथंच जेवायचं असतं, म्हणून लातूर शहर सकाळीच ओस पडतं. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, दुकानं बंद, आणि औसा रोडवर जो तो आंबिलाचं बिंदगं (छोटी घागर) सांभाळत शेताकडे निघालेला. दिवस मावळला की हीच गर्दी परत फिरते. ३० डिसेंबर २०२४ च्या वेळा अमावास्येला मात्र आम्ही परतायचं नाही असं ठरवलं. आई, दादा, आम्ही दोघं आणि दोन लेकरं, सगळ्यांनी रात्र रानातच काढायची.

पूजेची कोप, म्हणजे कडब्याची खोपटी, लहान असते. कडब्याच्या पाच पेंढ्या शेंड्याला बांधून उभ्या करायच्या, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे आणि वरून शाल. त्यात माणूस मावत नाही. म्हणून दादांनी शेजारी मोठी कोप बांधायला घेतली. बाभळीच्या मेढी (खांब) रोवल्या, वर आडवा बांबू, आणि दोन्ही बाजूंनी गंजीतला गेल्या सालचा कडबा तिरपा लावला. पहिल्या थराच्या फटीवर दुसऱ्या थराची पेंढी आलीच पाहिजे, यावर ते अडून बसले. "वारं उगवतीकडनं येतंय, तोंड मावळतीला ठेवा," एवढं सांगून परत कामाला.

लेकीने बर्फाच्या घरांबद्दल वाचलं होतं. बर्फाच्या आत माणसं गारठत कशी नाहीत, हा तिचा प्रश्न. मी सांगितलं, त्या बर्फाच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, ती आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. थंड हवा जड, म्हणून झोपायचा ओटा दारापेक्षा उंच करतात. दादांनी ऐकलं आणि ज्वारीचं एक ताट, म्हणजे धांडा, मोडून तिच्या हातात दिलं. आतला पांढरा भेंड बोटाने दाबून दाखवला. "हे बघ बाई, ह्यात बी हवाच हाय." मग त्या दोघांनी मिळून आत कडब्याचा गुडघाभर उंच थर अंथरला, त्यावर पोती, त्यावर वाकळ. पांघरूण कितीही घ्या, खालून भुई अंगातली ऊब ओढून घेते. अंथरूण जाड हवंच.

दुपारी भज्जी (भाज्या-डाळींची मिसळ भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), खीर असं पोटभर जेवण झालं. संध्याकाळी दूध उतू घातलं, पोरांनी हेंडगा, म्हणजे कडब्याचा पलिता, पेटवून पिकाला फेरी मारली. शेकोटी कोपीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला केली. कडब्याला ठिणगी पुरते. आत उजेडाला फक्त बॅटरी.

अमावास्या असल्याने आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं. रोहिणीजवळ गुरू ठळक होता, खाली मृग आणि व्याध. लेकरं तिथंच बोट दाखवत बसली.

शेकोटीपाशी आई १९९३ बद्दल बोलायला लागली. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदांखालीच (मातीच्या सपाट छपरांखाली) माणसं सापडली. त्या हिवाळ्यात आमच्या गावात माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होईना. "तुला घेऊन गोठ्यापुढं अशाच कडब्याच्या आडोशाला काढला अख्खा हिवाळा. पडलं तरी कडबाच पडंल म्हणायचो." इतकी वर्षं तिने हे मला असं सविस्तर कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, ते ऐकायला मुक्कामच हवा होता. जेवून निघणाऱ्याला ते मिळत नाही.

रात्री थंडी चांगलीच होती, पण सहा जण दाटीवाटीने झोपल्यावर आत ऊब धरली. धाकटा तर वाकळ लाथाडून झोपला होता. पहाटे बाहेरच्या थराला हात लावला तर दवाने ओलाचिंब, आतली बाजू कोरडी ठाक.

उरलेली आंबील पिऊन आम्ही कोप उतरवली. ओला कडबा उन्हात पसरला, कोरडा गाईंपुढे टाकला. मेढी दादांनी गोठ्यात नेऊन ठेवल्यात. पुढच्या येळवशीला आत्याची लेकरंही येणार आहेत, तेव्हा एक मेढ वाढवून कोप लांब करायची आहे.