वीसपैकी किती दम लागला?

इकडे परदेशात शिकायला येऊन दीड वर्ष होत आलं, तरी फोनवर मावशीचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे शेवटी तू जिममध्येच शिकवणार ना?" व्यायाम शरीरक्रियाशास्त्र हे नाव एका दमात उच्चारायलाच दम लागतो, त्यामुळे तिचाही दोष नाही. मी सांगते, "माणूस धावताना त्याच्या आत काय काय चालतं, ते आम्ही मोजतो." ती "बरं" म्हणते आणि विषय बदलते.

मी आले ती पुस्तकं पाठ करून. हृदय बसल्या जागी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं आणि जोराच्या व्यायामात साध्या माणसाचंही २० लिटरपर्यंत नेतं, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. इथे पहिल्याच महिन्यात कळलं, की पाठांतराला फारसं कुणी विचारत नाही. इथे सगळे प्रयोग आपल्याच अंगावर करायचे. वर्गातला एक जण ट्रेडमिलवर, बाकीचे यंत्राभोवती, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. ही परंपरा जुनी आहे म्हणे. १९२२ चं नोबेल मिळालेले ए. व्ही. हिल स्वतःच पाठीवर पिशवी बांधून गवतावर धावले होते, तोंडातून सोडलेली हवा त्या पिशवीत गोळा करत. त्यातूनच शरीर ऑक्सिजन जास्तीत जास्त किती वापरू शकतं, ही मर्यादा मोजायची कल्पना पुढे आली. त्यालाच आज व्हीओ-टू मॅक्स म्हणतात.

माझी पाळी आली तेव्हा चेहऱ्यावर मास्क, छातीला पट्टा, आणि समोर सगळा वर्ग. दर मिनिटाला चढ वाढत होता. मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून समोर एक तक्ता धरतात आणि किती दमलोय त्याचा आकडा आपण बोटाने दाखवायचा. हा तक्ता गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा. आकडे ६ पासून २० पर्यंत. ६ पासूनच का? तर दाखवलेल्या आकड्याला दहाने गुणलं, की तरुण माणसाच्या नाडीचा ढोबळ अंदाज यावा म्हणून. ६ म्हणजे साठ ठोके, निवांत. २० म्हणजे दोनशे, यापुढे नाही.

पाय भरून आले होते, कानात ठोके ऐकू येत होते. मी बोट ठेवलं १३ वर. तेरा म्हणजे "थोडं जड".

थांबल्यावर सरांनी पडद्यावरचा दुसरा आकडा दाखवला. (इथे त्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे. माझ्या तोंडून अजून "सर"च येतं.) बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले आत घेतलेला ऑक्सिजन. नुसती चरबी जळत असेल तर हा भागाकार ०.७ च्या आसपास येतो, नुसती कर्बोदकं जळत असतील तर १. माझा होता १.१२. एकाच्या वर तो जातो कारण स्नायूंतून आलेल्या आम्लाला रक्तातलं बायकार्बोनेट शोषून घेतं आणि त्यातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. थोडक्यात, मी कडेलोटाच्या टोकावर उभी होते आणि बोट ठेवत होते तेरावर. सर एवढंच म्हणाले, "यंत्राचं मत वेगळं दिसतंय."

आकडा मोठा दाखवला तर आपण कमकुवत ठरू, असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं. जन्मभर मार्कांत वाढलेल्या मुलीला वीसपैकी काहीही विचारलं की परीक्षाच वाटते. त्यात तक्ता इंग्रजी. "जड", "अवघड", "फार अवघड". मला होत होतं ते यांतलं काहीच नव्हतं. मला दम लागला होता! आपल्याकडे दम लागणं वेगळं, धाप लागणं वेगळं, थकणं वेगळं, आणि अंगात त्राण नसणं त्याहून वेगळं. तो तक्ता मी मराठीत करायला बसले आणि नवव्या आकड्यावरच अडकले. अजून अडकलेलीच आहे.

माझी चाचणी बादच झाली, ते वेगळंच. चढ वाढत असताना मिनिटाला मोजली जाणारी हवा मध्येच कमी झाली होती, जे होऊच शकत नाही. मास्क नाकाच्या बाजूने गळत होता, आणि तो मीच घाईत सैल बांधला होता. आठवड्याने पुन्हा धावले. ३६ मिलिलिटर ऑक्सिजन, दर किलो वजनामागे, दर मिनिटाला. मनात धरला होता त्यापेक्षा बराच कमी. दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

या सत्रात मला हृदयरुग्णांच्या व्यायामवर्गात पाठवलंय. तिथे पहिल्याच दिवशी एक सूत्र निकामी झालं, "२२० वजा वय" हे जिमच्या भिंतीवरचं. एक तर ती सरासरी आहे. प्रत्यक्ष माणसाची कमाल नाडी दहाबारा ठोक्यांनी इकडेतिकडे सहज निघते. त्यात यांतले बरेच जण हृदयाचे ठोके आवरून धरणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांवर, म्हणजे कितीही चालवा, नाडी फारशी वर जातच नाही. घड्याळ म्हणतं ९८, माणूस घामाघूम. मग उरतो तो बोर्गचा तक्ता.

आणि इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, "कसं वाटतंय?" उत्तर एकच, "नॉट टू बॅड." चेहरा लाल, ओठ कोरडे, तरी "नॉट टू बॅड." सुरुवातीला मी ते शब्दशः घेऊन भार वाढवायला निघाले होते, तेव्हा तिथल्या फिजिओने मागून खांदा दाबला. नंतर तिने समजावलं, की शब्दांकडे लक्ष देऊ नकोस, वाक्याची लांबी बघ. सलग वाक्य येतंय तर ठीक. दोनतीन शब्दांनी तुटतंय तर वेग कमी कर.

तेव्हापासून मला माणसांचं बोलणं सरळ ऐकताच येत नाही.

परवा आईचा फोन आला. ती बोलत बोलत जिना चढत होती.

"अगं, मी आता... वर चाललेय... तू जेवलीस का?"

"आई, दम लागलाय तुला."

"छे, मला काय... होतंय."

मी मोजलं. दोनतीन शब्द, श्वास, दोनतीन शब्द. म्हटलं, थांब जरा, एक सांग, सहापासून वीसपर्यंत आकडा सांगायचा, आत्ता किती दमलीस. पलीकडे थोडा वेळ नुसताच श्वास.

"वीसपैकी होय?" आई म्हणाली. "आणि पास कितीला?"