रिकाम्या डबीचा धडा

जिनिव्हात आठ दिवस होतो. सरोवर, कारंजं, जुनं गाव एका रविवारी उरकलं, फोटो आईला पाठवले, विषय संपला. लिहायचंय ते सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या एका रात्रपाळीबद्दल. त्या रात्री मी जाम वैतागलो होतो.

18 नंबरची ट्रॅम थेट सर्नच्या दारात संपते. आत भारतानं 2004 मध्ये भेट दिलेला नटराज आहे. त्याच्यासमोर प्रत्येक भारतीय फोटो काढतो, मीही काढला. मग छातीला डोसिमीटर (अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारं यंत्र) लावून एन-टॉफच्या कंट्रोल रूममध्ये.

एन-टॉफ म्हणजे न्यूट्रॉनांची शर्यत. प्रोटॉनांचा झोत शिशाच्या ठोकळ्यावर आदळतो आणि एकेका प्रोटॉनमागे साधारण 300 न्यूट्रॉन उधळतात. सगळे एकदम सुटतात, पण 185 मीटर लांबच्या आमच्या नमुन्यापाशी आपापल्या वेगानं पोचतात. 1 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), ऊर्जेचा गडी 13 मायक्रोसेकंदांत हजर, 1 इलेक्ट्रॉनव्होल्टचा 13 मिलिसेकंदांनी रखडत येतो. पोचायची वेळ बघायची, ऊर्जा काढायची, आणि त्या ऊर्जेला नमुना किती न्यूट्रॉन गिळतो ते मोजायचं. हाच क्रॉस-सेक्शन. अणुभट्टीचं गणित ज्या छापील आकड्यांवर चालतं, ते खरे आहेत का हे असं तपासतात.

आमचा नमुना झिर्कोनियमचा. तारापूरच्या भट्टीतल्या इंधनाच्या नळ्या याच्याच मिश्रधातूच्या, कारण हा धातू न्यूट्रॉन फारसे खात नाही. भट्टीला हे सोयीचं, मोजणाऱ्याच्या मात्र जिवावर येतं. खातच नाही तर मोजणार काय? त्यात भुकटीची गोळी ॲल्युमिनियमच्या डबीत बंद.

रात्री अकराला ड्यूटीवर गेलो तर फळ्यावर माझ्या नावापुढं लिहिलेलं: रिकामी डबी. सकाळी सातपर्यंत.

म्हटलं, "ताई, मुंबईहून इतक्या लांब येऊन मी काहीच नसलेलं मोजायचं?"

ताई आमच्या गटातल्या सीनियर, मूळच्या अमरावतीच्या. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "अरे, डबा घेऊन तेल आणायला गेलास तर वाणी आधी डब्याचा धडा करतो ना? मग? बस गप."

बसलो. रिकाम्या डबीचं मोजमाप नमुन्याच्या मोजमापातून वजा करायचं, हाच तो धडा. झोत यायचा, आलेखात ठिपके वाढायचे, पुन्हा शांतता. दोन झोतांमध्ये सेकंदाहून जास्त अंतर असतं. मागच्या खेपेचे रखडलेले न्यूट्रॉन पुढच्यांत मिसळू नयेत म्हणून ते बरं, पण पहाटे तीनला ते अंतर डोळ्यांवर फार जड जातं. कॉफीच्या यंत्रानं दोनदा नाणं गिळलं, कप एकदाच दिला.

साडेतीनच्या सुमारास आलेखात एक उंचवटा डोकं वर काढायला लागला. 5.9 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. पोटात गोळाच आला.

कबूल करतो. त्याच्या आदल्या दिवशी नमुन्याच्या आलेखात नेमका इथंच उंचवटा दिसला होता. असा उंचवटा म्हणजे रेझोनन्स, त्या ऊर्जेचे न्यूट्रॉन एकदम जास्त गिळले जातात. झिर्कोनियमच्या छापील आकड्यांत तो नव्हता. मी कुणालाही न विचारता मुंबईला सरांना मेल टाकली होती, विषय: 'नवीन रेझोनन्स?' प्रश्नचिन्ह घातलं होतं, एवढीच काय ती अक्कल. आणि आता तोच उंचवटा रिकाम्या डबीत. झिर्कोनियमचा नव्हेच, ॲल्युमिनियमचा! छापील आकड्यांत तोही होता, मी फक्त तक्त्याचं ते पान उघडलं नव्हतं.

ताईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. "सोनं कधी बघितलंस?" एवढंच विचारलं. सोन्याची चकती हा आमचा मापदंड. 4.9 इलेक्ट्रॉनव्होल्टला ती आलेले जवळजवळ सगळे न्यूट्रॉन गिळते, शिखराचा माथा सपाट होतो, आणि त्यावरून बाकीची उंची ठरते. ती तरी मी तपासली होती, सहा मिलिसेकंदांपाशी, जिथं हवी तिथंच. तेवढाच दिलासा.

पाच वाजता सरांना दुसरी मेल लिहिली. विषय: 'रेझोनन्स रद्द.' भारतात साडेआठ वाजले होते. सात मिनिटांत उत्तर आलं:

"पहिली मेल मी उघडलीच नव्हती. काही महत्त्वाचं होतं का?"